खाण बंद होते, मग कामगार जातो कुठे?

१९८० च्या दशकात ब्रिटनच्या कोळसापट्ट्यांतला एक हिशेब जुळत नव्हता. १९८१ ते १९९१ या दहा वर्षांत तिथल्या खाणींतून दीड लाखाहून अधिक पुरुषांच्या नोकऱ्या गेल्या. यॉर्कशर, दरहॅम, साउथ वेल्स, नॉटिंगहॅमशर या भागांत गावेच्या गावे एकेका खाणीवर जगत होती. इतकी माणसे घरी बसल्यावर बेकारांची सरकारी संख्या फुगायला हवी होती, पण ती फारशी वाढली नाही. मग सगळे दुसरीकडे कामाला लागले होते का? तसेही नव्हते. शेफील्ड हॅलम विद्यापीठातल्या क्रिस्टिना बीटी आणि स्टीव्ह फॉदरगिल यांनी १९९६ साली या कोड्याचा छडा लावला. यातली बरीच माणसे बेकारांच्या यादीत नव्हती आणि नोकरदारांच्या यादीतही नव्हती, कारण ती तिथल्या श्रमाच्या बाजारातूनच बाहेर पडली होती. कोणाची नोंद कायमचा आजारी म्हणून झाली होती, कोणी मुदतीआधी निवृत्त झाला होता, तर काही जण गाव सोडून गेले होते.

खाण बंद झाल्यावर कामगाराचे काय होते, या विषयावर देशोदेशी झालेले काम वाचताना हा धडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माणूस पुढे कुठे गेला हे त्याच्या हातातल्या कौशल्यावर ठरते, तेवढेच त्याचे नाव कोणत्या वहीत चढवले गेले यावरही ठरते. विदर्भातल्या खाणींकडे पाहताना तर हा मुद्दा फार जवळचा होतो.

ब्रिटनची हकिकत थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण या विषयाचा सर्वाधिक अभ्यास तिथेच झाला आहे. मार्च १९८४ मध्ये यॉर्कशरमधली कॉर्टनवुड खाण बंद करण्याच्या निर्णयावरून संपाची ठिणगी पडली. आर्थर स्कारगिल यांच्या नेतृत्वाखाली खाणकामगारांची राष्ट्रीय संघटना वर्षभर लढली आणि ३ मार्च १९८५ रोजी कोणताही करार पदरात न पडता संप मागे घेण्यात आला. तेव्हा सुमारे १७० खाणी होत्या. १९९२ च्या ऑक्टोबरात मायकेल हेझल्टाइन यांनी उरलेल्या ५० पैकी ३१ खाणी बंद करण्याचे जाहीर केले. १९९४ मध्ये खासगीकरण झाले आणि १८ डिसेंबर २०१५ रोजी केलिंग्लीची खाण थांबली. देशातली ती शेवटची खोल कोळसाखाण होती.

बाहेर पडणाऱ्याला एकरकमी पैसे मिळत. ऐंशीच्या दशकातल्या योजनेत पन्नाशीच्या आतल्या कामगाराला सेवेच्या दर वर्षामागे हजार पौंड असा दर होता. वीस-पंचवीस वर्षे भुयारात घालवलेल्या माणसाच्या दृष्टीने ही रक्कम मोठी होती. वर्षभराच्या संपात घराघरांवर कर्ज झाले होते, त्यामुळे अनेकांनी ती घेतली. पुढे काय करायचे याचे उत्तर मात्र त्या पैशात नव्हते. ज्याच्या हाती वीजजोडणीचे किंवा यंत्रदुरुस्तीचे काम होते त्याला बाहेर मागणी होती. भुयाराच्या तोंडाशी कोळसा फोडणारा, छताला आधार देणारा, दगडाच्या आवाजावरून धोका ओळखणारा माणूस आपल्या कामात तितकाच तरबेज असायचा, पण ते ज्ञान विकत घेणारा दुसरा मालक जगात नव्हता. त्याच्या वाट्याला पहारेकऱ्याची, टॅक्सीची किंवा गोदामातली कामे आली. हुआन पाब्लो रूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलीकडे जुन्या वेतननोंदींवरून या कामगारांचा माग काढला आहे. नोकरी गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्यांची कमाई ऐंशी टक्क्यांहून अधिक घसरली आणि पंधरा वर्षांनंतरही पूर्वीच्या पातळीला आली नाही.

आता आजाराच्या नोंदीबद्दल. ब्रिटिश वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षे असा सूर निघत आला की ही माणसे धडधाकट असून सरकारी पैशावर बसून खातात. हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. कोळशाची धूळ, पाठीची झीज, कंप पावणाऱ्या ड्रिलमुळे बधिर झालेली बोटे हे सगळे खाण चालू असतानाही होतेच. खाणीत अशा माणसाला पृष्ठभागावरचे हलके काम मिळायचे आणि सोबती सांभाळून घ्यायचे. खाण बंद झाली तेव्हा पन्नाशीचा, दम लागणारा, गुडघे गेलेला माणूस एकदम खुल्या बाजारात आला आणि त्याला कोणी दारात उभे केले नाही. आजारपणाचा भत्ता बेकारभत्त्यापेक्षा थोडा जास्त होता, डॉक्टर प्रामाणिकपणे सही करत होते आणि रोजगार कार्यालयाला आपली बेकारीची संख्या कमी दिसलेली हवीच होती. बीटी आणि फॉदरगिल यांनी याला छुपी बेकारी म्हटले. आजार खरा होता आणि बेकारीही खरी होती, पण वहीत दोन्हींपैकी एकाच गोष्टीला जागा होती. पुढे २००८ नंतर नियम कडक झाले आणि याच माणसांना काम करण्याच्या क्षमतेच्या तपासण्यांना सामोरे जावे लागले. तोवर त्यांतले अनेक साठीला पोचले होते.

आजार किती खरा होता हे न्यायालयातही सिद्ध झाले. १९९८ मध्ये फुप्फुसाच्या रोगांबाबत आणि कंपामुळे होणाऱ्या बोटांच्या विकाराबाबत ब्रिटिश कोल या सरकारी खाणकंपनीविरुद्ध निकाल लागले. त्यातून उभ्या राहिलेल्या भरपाई योजनेत साडेसात लाखांच्या आसपास दावे आले आणि चार अब्ज पौंडांहून अधिक रक्कम वाटली गेली. अनेक ठिकाणी पैसे विधवांच्या हाती पडले. तरीही ही भरपाई मिळू शकली याचे एक साधे कारण आहे. प्रत्येक माणूस कोणत्या खाणीत, कोणत्या कामावर, किती वर्षे होता याचा सरकारी मालकाकडे कागद होता. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

खाणींच्या जागेवर नवे काम आले का? आले, पण कसे आले ते पाहण्यासारखे आहे. डर्बीशरमधल्या शायरब्रुकची खाण १९९३ मध्ये बंद झाली. त्याच जमिनीवर पुढे स्पोर्ट्स डायरेक्ट या कंपनीचे प्रचंड गोदाम उभे राहिले. २०१६ मध्ये संसदेच्या समितीने तिथल्या कामाच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. बहुसंख्य कामगार एजन्सीमार्फत घेतलेले होते, पाळी संपल्यावर झडतीसाठी रांगेत काढलेल्या वेळेचे पैसे त्यांना मिळत नव्हते आणि त्यामुळे त्यांचे प्रत्यक्ष वेतन किमान वेतनाखाली जात होते. ज्या जागेवर एके काळी देशातल्या बलाढ्य कामगार संघटनेचा शब्द चालत असे, तिथे आता एजन्सीने नाव कमी केले की काम संपत होते. यॉर्कशरच्या डर्न खोऱ्यात मॅनव्हर्सच्या खाणीच्या जागी कॉल सेंटरे आली. २०१४ च्या पाहणीत सगळ्या जुन्या कोळसापट्ट्यांत मिळून काम करण्याच्या वयाच्या दर शंभर माणसांमागे स्थानिक नोकऱ्या जेमतेम पन्नास निघाल्या. तोपर्यंत संपाला तीस वर्षे झाली होती.

बायकांच्या कामाचे काय झाले, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. फर्नांडो अरागॉन, रूड आणि गेऱ्हार्ड टॉव्ज यांच्या २०१८ च्या अभ्यासात असे दिसले की खाण गेल्यावर पुरुष आसपासच्या कारखान्यांत शिरले आणि तिथल्या स्त्रियांची संख्या कमी झाली. खाणीत कधीच न उतरलेल्या स्त्रीची नोकरीही खाणीबरोबर गेली होती. कोणत्याही पुनर्वसन योजनेत तिचा उल्लेख नव्हता.

या सगळ्यात एक खाण वेगळ्या वाटेने गेली. साउथ वेल्समधली टॉवर खाण ब्रिटिश कोलने परवडत नाही म्हणून १९९४ मध्ये बंद केली. टायरन ओसलिव्हन यांच्या पुढाकाराने दोनशेहून अधिक कामगारांनी प्रत्येकी आठ हजार पौंड घातले, खाण विकत घेतली आणि जानेवारी १९९५ मध्ये पुन्हा सुरू केली. कोळसा संपेपर्यंत, म्हणजे २००८ पर्यंत, ती चालली. न परवडणारी ठरवलेली खाण तेरा वर्षे पगार देत राहिली. सगळ्या खाणी अशा वाचल्या असत्या असे नाही, पण बंद करण्याच्या यादीत नाव घालणाऱ्यांचे गणित तपासण्याजोगे होते एवढे यातून नक्की कळते.

जर्मनीच्या रूर खोऱ्यात ब्रिटनच्या नेमके उलटे घडले. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीच्या दगडी कोळसा खाणींत सहा लाख माणसे होती. १९५८ पासून स्वस्त तेल आणि आयात कोळशापुढे खाणी टिकेनात. १९६८ मध्ये बहुतेक खाणी रूरकोले या एका कंपनीखाली आणल्या गेल्या आणि संघटना, सरकार, मालक यांनी मिळून एक तत्त्व पाळले, ते म्हणजे एकाही खाणकामगाराला थेट रस्त्यावर काढायचे नाही. खाण बंद झाली की तरुणाला दुसऱ्या खाणीत पाठवायचे आणि वय झालेल्याला निवृत्तीपर्यंतचा पूल म्हणून समायोजन भत्ता द्यायचा. १९७२ पासून हा भत्ता सुरू झाला. भुयारातल्या कामगाराला पन्नाशीपासून आणि पृष्ठभागावरच्या कामगाराला सत्तावन्नपासून तो मिळे. शेवटची खाण बॉट्रॉपची प्रोस्पर-हानिएल. २१ डिसेंबर २०१८ रोजी तिथून काढलेला कोळशाचा शेवटचा तुकडा राष्ट्राध्यक्ष फ्रांक-वाल्टर श्टाइनमायर यांच्या हाती देण्यात आला. सहा लाखांवरून शून्यावर यायला साठ वर्षे घेतली गेली.

या काळात रूरने केवळ भत्ते वाटले नाहीत. आधुनिक काळात ज्या पट्ट्यात एकही विद्यापीठ नव्हते तिथे १९६५ मध्ये बोखुमचे विद्यापीठ सुरू झाले, पाठोपाठ डॉर्टमुंड आणि एसेन. बोखुमच्याच एका बंद खाणीच्या जमिनीवर १९६२ मध्ये ओपेलचा मोटार कारखाना आला. तो कारखानाही २०१४ मध्ये बंद झाला, म्हणजे एकाच जमिनीवर दोन पिढ्यांनी दोनदा काम गमावले. रूरच्या यशाबद्दल लिहिणारे ही गोष्ट बहुधा सांगत नाहीत. गेल्सेनकिर्शन हे खाणीचे शहर आजही जर्मनीतल्या सर्वाधिक बेकारीच्या शहरांत मोडते. वडिलांना सन्मानाने घरी पाठवता आले, पण मुलाला वडिलांइतक्या पगाराचे काम कुठून द्यायचे हा प्रश्न तिथेही सुटला नाही. त्याच देशाच्या पूर्वेकडे एवढाही अवधी मिळाला नाही. १९९० च्या एकीकरणानंतर लाउझित्सच्या लिग्नाइट पट्ट्यातल्या बहुतेक नोकऱ्या दहा वर्षांत संपल्या आणि तरुण, त्यातही तरुण स्त्रिया, पश्चिमेकडे निघून गेल्या. २०२० मध्ये कोळसामुक्तीचा कायदा करताना जर्मन सरकारने खाणपट्ट्यांसाठी ४० अब्ज युरो बाजूला काढले, त्यामागे ही आठवण आहे.

हॉलंडने तारीखच ठरवून टाकली होती. १७ डिसेंबर १९६५ रोजी आर्थिक व्यवहारमंत्री योप डेन आउल यांनी हेरलेनच्या नाट्यगृहात दक्षिण लिम्बर्गच्या खाणी बंद होणार असल्याचे जाहीर केले, आणि १९७४ अखेर शेवटची खाण थांबली. सरकारी खाणकंपनी डीएसएम रसायनांकडे वळली, सरकारी पेन्शन फंड आणि सांख्यिकी कार्यालयाचा मोठा भाग हेरलेनला हलवला गेला. ही कामे मात्र टेबलाशी बसणाऱ्यांची होती. पन्नाशीच्या खाणकामगाराला त्यांत जागा नव्हती.

पोलंडने १९९८ मध्ये पैशाने प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला. कामगाराला दोन पर्याय होते. निवृत्ती जवळ आली असेल तर पाच वर्षांपर्यंत ७५ टक्के पगारावर खाणरजा, किंवा एकरकमी पैसे घेऊन कायमचे बाहेर. लाखाच्या आसपास माणसे काही वर्षांत बाहेर पडली. पण वाउब्झिखसारख्या शहरात, जिथे खाणी नव्वदच्या दशकातच संपल्या, तिथे बेकार माणसे जंगलात आणि परसात खड्डे खणून बेकायदा कोळसा काढू लागली. त्या खड्ड्यांना गरिबीच्या विहिरी असे नाव पडले आणि त्यांत माणसे गाडलीही गेली. रुमानियाच्या झिऊ खोऱ्यात १९९७ मध्ये काही महिन्यांच्या आत हजारोंनी मोठी भरपाई घेऊन राजीनामे दिले. खोऱ्यात दुसरा उद्योगच नव्हता. पैसे संपले आणि जानेवारी १९९९ मध्ये आणखी खाणी बंद करण्याच्या विरोधात खाणकामगार राजधानीकडे निघाले. एकरकमी पैसे हे काम नाही, ही साधी गोष्ट दोन्ही ठिकाणी फार महागात शिकावी लागली.

जपानमधली जोबान खाण हा अपवाद सांगण्याजोगा आहे. इवाकी भागातल्या या खाणीत गरम पाण्याचे झरे फुटत आणि ते उपसणे हा मोठा त्रास होता. खाण आटू लागल्यावर कंपनीने त्याच पाण्यावर १९६६ मध्ये हवाई बेटांच्या धर्तीचे विश्रामस्थळ उभे केले आणि खाणकामगारांच्या मुलींना नृत्य शिकवून तिथे कामाला घेतले. ते अजून चालू आहे. होक्काइदोवरचे युबारी मात्र लाखाच्या वस्तीवरून आठ हजारांच्या खाली आले आणि २००७ मध्ये नगरपालिकाच दिवाळखोर झाली. अमेरिकेत तर मालकच दिवाळखोर होतो. जुलै २०१९ मध्ये केंटकीतल्या हार्लन काउंटीत ब्लॅकज्युएल कंपनी बुडाली, कामगारांचे पगाराचे धनादेश परत आले, आणि ते कोळशाच्या गाडीपुढे रुळांवर जाऊन बसले.

आता आपल्याकडे. भारतात कोळशाचे उत्पादन वाढते आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला अजून लागू नाही असे म्हणणारे भेटतात. त्यांनी कोल इंडियाचा हजेरीपट पाहावा. १९९० च्या सुमारास या कंपनीत सहा लाखांहून अधिक कायम कामगार होते. आज ते सव्वादोन लाखांच्या आसपास आहेत. उत्पादन त्याच काळात कितीतरी पटींनी वाढून २०२३-२४ मध्ये ७७ कोटी टनांवर गेले. ब्रिटनने १९८४ नंतर जेवढ्या खाणनोकऱ्या गमावल्या त्याच्या जवळपास दुप्पट नोकऱ्या आपण गमावल्या, आणि त्यासाठी एकही गाजलेला संप झाला नाही. निवृत्ताची जागा भरली नाही, स्वेच्छानिवृत्ती दिली, भूमिगत खाणी मागे पडल्या आणि उघड्या खाणींत डंपर, शॉवेल आणि ठेकेदार आले. भूमिगत खाणींचा उत्पादनातला वाटा आज पाच टक्क्यांच्याही आत आहे, पण माणसे लागत होती ती तिथेच.

विदर्भात हे उघड दिसते. चंद्रपूर शहरात रयतवारी, महाकाली, लालपेठ ही नावे कॉलरीवरूनच ओळखली जातात. छत्तीसगड, उत्तर प्रदेश, तेलंगण या भागांतून आलेल्या माणसांनी इथले भुयार खणले. कोल इंडियाच्या वेस्टर्न कोलफील्ड्स (वेकोलि) या उपकंपनीची भूमिगत खाण थांबली तर कायम कामगाराची बदली होते. बल्लारपूरचा माणूस वणीला जातो, नागपूरकडचा उमरेडला. मुलांची शाळा बदलते, क्वार्टर बदलते, पण पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तीनंतरची वैद्यकीय योजना शाबूत राहते. आपल्या राष्ट्रीयीकरणाचे हे खरे श्रेय आहे आणि ते द्यायला हवे.

जमीन देऊन नोकरी मिळवलेल्याची गोष्ट निराळी. दोन एकरांमागे एक नोकरी असा कोल इंडियाचा नियम. ज्याची जमीन कमी, ते भाऊबंद मिळून दोन एकर जुळवतात आणि घरातल्या एकाचे नाव लावतात. शेत पिढ्यान्‌पिढ्यांसाठी गेले आणि मोबदल्यात मिळालेली नोकरी एका माणसाच्या साठीपर्यंतची आहे. कामगार सेवेत असताना वारला तर वारसाला नोकरी मिळते, सुखरूप निवृत्त झाला तर मिळत नाही. गेल्सेनकिर्शनच्या मुलाला मिळाला नाही तो वारसा इथल्या प्रकल्पग्रस्ताच्या मुलालाही मिळत नाही, आणि याच्याकडे परत जायला शेतही उरलेले नसते.

सर्वांत तळाला ठेका कामगार. माती उपसणे, कोळसा भरणे, वाहतूक, सुरक्षा ही कामे त्याच्याकडे आहेत. कोल इंडियाने २०१३ पासून त्याच्यासाठी वेगळे, चढे वेतनदर ठरवले, पण ते प्रत्यक्ष हाती पडत नाहीत अशी संघटनांची तक्रार कायम आहे. खाणीचा टप्पा संपला की त्याला कोणी कामावरून काढत नाही, ठेका संपतो एवढेच. त्यामुळे तो बेकारांत मोजला जात नाही, आजाऱ्यांत किंवा निवृत्तांतही नाही. २००९ च्या खाण बंद करण्याच्या मार्गदर्शक सूचनांनी कंपनीला एस्क्रो, म्हणजे राखीव, खात्यात पैसे ठेवायला लावले. तेव्हाच्या दराने उघड्या खाणीसाठी हेक्टरी सहा लाख रुपये, भूमिगतसाठी हेक्टरी एक लाख. जमीन पूर्ववत करण्यासाठी ते हवेच आहेत. पण हा हिशेब हेक्टरी होतो, माणशी होत नाही. २०२२ मध्ये झारखंडने न्याय्य संक्रमणासाठी, म्हणजे कोळशापासून दूर जाताना त्यावर जगणारी माणसे मागे राहू नयेत यासाठी, कृतिदल नेमले, ही निदान सुरुवात म्हणता येईल. दरम्यान कोल इंडियाने थांबलेल्या भूमिगत खाणी महसुलाच्या वाट्यावर खासगी कंपन्यांना द्यायला सुरुवात केली आहे. कायम कामगार बदलून गेलेल्या खाणीत उद्या पुन्हा कोळसा निघेल, तेव्हा तिथे उतरणारे हात बहुतेक ठेक्याचे असतील.

म्हणून मला एका रजिस्टरचा आग्रह धरावासा वाटतो. खाणीत काम करणाऱ्या प्रत्येकाचे नाव, ठेक्याचा असला तरी, नोंदवण्याची कायद्यात तरतूद आहे. कॉलरीत त्याला अजून बी फॉर्म म्हणतात. कामगाराची ठरावीक वर्षांनी वैद्यकीय तपासणीही व्हायची असते. धुळीचा रोग बहुधा काम सुटल्यानंतर बऱ्याच वर्षांनी जाणवू लागतो. ब्रिटनच्या कामगारांना आणि त्यांच्या विधवांना भरपाई मिळाली ती कागद हाती होता म्हणून. वणी किंवा घुग्घुसचा डंपरवाला, ठेक्यावर कोळसा भरणारा मजूर, पंधरा वर्षांनी दम लागू लागल्यावर कोणत्या खाणीचे नाव आणि कोणत्या ठेकेदाराचा दाखला घेऊन उभा राहणार? खाण बंद करण्याच्या परवानगीआधी तिथे काम केलेल्या सर्वांची यादी जाहीर व्हावी, प्रत्येकाची शेवटची छातीची तपासणी व्हावी आणि दोन्हींची प्रत त्याच्या हातात पडावी. एस्क्रो खात्यातल्या पैशांपुढे याचा खर्च अगदी किरकोळ आहे, आणि पुढच्या बंद होणाऱ्या खाणीपासून ते सुरू करता येईल.